कामठी-नागपूरला बदलून आलेल्या फौजी बायकांसाठी पाठराखीण : कोण कोण तयार आहे?

काळी_ट्रंक (रविवार, रात्री ९:२०)

नमस्कार मंडळी,

मागच्या मंगळवारी दुपारी ऑटोमोटिव्ह चौकाच्या मेट्रो स्टेशनखाली एक मुलगी उभी दिसली. वय बावीस-तेवीस. कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ, खांद्याला फाइल कोंबलेली पिशवी, आणि ऑटोवाल्याशी हिंदीत घासाघीस चाललेली. 'कैंट' हा शब्द कानावर आला म्हणून मी जवळ गेले. कामठीला येऊन तिला पाच दिवस झाले होते. नवरा क्वार्टरमध्ये सामान टाकून कोर्सला निघून गेला. बाळाला रात्रीपासून ताप. एमआय रूम (छावणीतला दवाखाना) किती वाजता उघडते हे माहीत नाही, म्हणून मोबाइलवर डॉक्टरचं नाव शोधून ४५ अंशांत ती एकटी शहरात आली होती. शेजारी विचारायचं नं, म्हटलं. तर म्हणाली, "दीदी, किसी को जानती ही नहीं."

तिला डॉक्टरकडे नेलं, मग कामठीपर्यंत सोडून आले. रात्री मात्र झोप लागली नाही, कारण १९९९च्या उन्हाळ्यात तिच्या जागी मी होते.

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत पंजाबातल्या एका छावणीत गेले. मे महिन्यात यांची पलटण वर सीमेवर गेली आणि मी सेपरेटेड क्वार्टरमध्ये, म्हणजे मागे राहिलेल्या कुटुंबांच्या घरात, एकटी राहिले. चौथा महिना चालू होता. पत्रावर पत्ता फक्त '५६ एपीओ', त्यामुळे माणूस कुठे आहे ते कळायचं नाही. जूनच्या मध्यापासून पत्र येणंच थांबलं. समोर कांगड्याची एक बाई राहायची, तिचा नवरा त्याच पलटणीत लान्स नाईक. म्हणजे तिचीही तीच गत. ती रोज रात्री आपल्या दोन पोरांना घेऊन माझ्याकडे झोपायला यायची. "मला एकटीला भीती वाटते," असं सांगायची. फार वर्षांनी माझ्या लक्षात आलं, भीती मला वाटत होती आणि ते मला बोलून दाखवावं लागू नये म्हणून ती स्वतःचं नाव पुढे करायची. बँकेचा फॉर्म तिने भरायला शिकवला, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्नाची, मुलांची कार्यालयीन नोंद) काय असते ते सांगितलं, बाळंतपणात हॉस्पिटलच्या बाकावर रात्रभर तीच बसली.

आपल्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत पाठराखीण जाते. सासरच्या घरात तिला काही काम नसतं. नवरीच्या भाषेत बोलणारं, तिची बाजू घेणारं कोणीतरी चार दिवस जवळ असावं एवढ्यासाठी ती असते. फौजीच्या बायकोला दर दोन-तीन वर्षांनी नवं सासर मिळतं, पाठराखीण मात्र नशिबात असली तर मिळते.

मला ती नशिबावर सोडायची नाही. आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन १९६६ पासून आहे, वायुसेनेची आपली संस्था आहे, त्यांचे कार्यक्रम, शिकवण्या, विशेष मुलांसाठी आशा शाळा हे सगळं चालू आहेच. माझ्या मनात आहे ते त्याहून लहान काम. नागपूर-कामठीला नवी आलेली एक बाई आणि इथे मुरलेली एक बाई अशी जोडी, पहिले तीन महिने. सेवेत असलेल्यांच्या बायका, निवृत्तांच्या बायका, शहरातल्या साध्या घरातल्या बायका, ज्यांना जमेल त्या. मागच्या वर्षीपासून आम्ही चौघी मैत्रिणी हे आपापल्या परीने करतो आहोत. आता चौघी कमी पडतात.

कोण तयार आहे? आणि कोणाला यात चूक दिसत असेल तर तेही लिहा.

कन्हानकाठ (रविवार, रात्री ९:५२)

ताई, मी तयार आहे. नाव लिहून घ्या.

माझं लग्न सिव्हिलात झालं, पण बाबा फौजेत होते अन् मी कामठीतच वाढली. इथे १८२१ पासून छावणी आहे, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या दुधवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांचं पोट फौजेवरच. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचं सेंटर इथेच आहे. १९४९ साली ही रेजिमेंट उभी झाली तेव्हापासूनच तिच्यात सगळ्या प्रांतांचे जवान एकत्र असतात, म्हणून आमच्याकडे मणिपूरची बाई येते, हिमाचलची येते, तामिळनाडूची येते. त्यांना सगळ्यात आधी काय लागते माहीत आहे का? कूलर! डोंगरातून आलेली पोरगी मे महिन्यात कामठीत उतरते, क्वार्टरमध्ये फक्त पंखा, अन् लेकराला घामोळ्या. नवा कूलर घ्यायला तेव्हा पैसे नसतात, कारण बदलीत सगळे खर्च होऊन गेलेले.

तर माझी सूचना : जे कुटुंब बदलून चाललं त्यांचा कूलर, गादी, बाळाची सायकल आपण ठेवून घ्यायची अन् येणाऱ्याला द्यायची. ट्रंकांत काही ते मावत नाही, बिचारे मातीमोल विकून जातात. माझ्या घरी मागची खोली रिकामी आहे. वाळ्याचे पडदे दर वर्षी मी बदलून देईन.

अन् ओळख व्हायला एक मोठं हळदीकुंकू ठेवू. बायका हळदीकुंकवाला लगेच येतात.

दोन_पट्ट्या (रविवार, रात्री ११:१५)

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

माझे मिस्टर नाईक आहेत. कुठे, कोणत्या युनिटात, ते लिहीत नाही. पाच वर्षांत तिसरी जागा. आधीच्या एका ठिकाणी "स्वयंसेवा" या नावाखाली आम्हाला बोलावलं जायचं. कार्यक्रमाआधी चार दिवस नाच बसवायचा, खुर्च्या पुसायच्या, फुलांच्या रांगोळ्या काढायच्या. कोणी आली नाही तर विचारणा व्हायची, आणि ती विचारणा घरी नवऱ्यामार्फत पोचायची. माझ्या मुलीला गोवर होता तरी मी गेले होते. मधल्या रांगेत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, चहा घेऊन घरी. तिथे मला कोणी माझं नाव विचारलं नाही. 'फलाण्याची बायको' अशीच होते मी.

तर माझा प्रश्न हा : तुमच्या या पाठराखणीत साहेबांची बायको आणि जवानाची बायको अशी जोडी लावणार का? तसं असेल तर ती मनातलं काय बोलणार? नवरा दारू पितो हे सांगेल? घरी पैसे पाठवत नाही हे सांगेल? उद्या ते नवऱ्याच्या कंपनीपर्यंत गेलं तर त्याच्या बढतीचं काय? आमच्यातल्या बायका बोलत नाहीत याला कारण आहे. त्यांना काही कळत नाही म्हणून गप्प बसतात असं समजू नका.

काळी_ट्रंक (सोमवार, सकाळी ७:०५)

@दोन_पट्ट्या, राग कशाचा. तुम्ही लिहिलंत ते मी चोवीस वर्षं पाहिलंय.

आमच्या वर्षभरात हाच धडा मिळाला. सुरुवातीला आम्ही एका मुलीला तिच्याच पलटणीतल्या सुभेदाराच्या बायकोशी जोडून दिलं. बाई मनाने फार चांगली. पण मुलगी दोन महिने "सब ठीक है आंटी" एवढंच बोलत राहिली. नंतर कळलं, तिचा गर्भ पडला होता आणि ती एकटी रिक्षाने हॉस्पिटलात जाऊन आली होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून आम्ही नियम केला : पाठराखीण त्याच युनिटातली नको. शक्यतो सेवेतल्या माणसाची बायकोही नको. निवृत्ताची किंवा सिव्हिलातली असली तर तिच्यापुढे पट्ट्या-तारे काही उरत नाहीत. हजेरी नाही, फोटो नाही, कार्यक्रम नाही. आणि एकमेकींना नावाने हाक मारायची.

फौजी_१९८४ (सोमवार, सकाळी ८:३०)

मी निवृत्त सुभेदार. काटोल रोडला राहतो. बायकांच्या धाग्यात बोलतो आहे, पण दोन गोष्टी सांगणं कर्तव्य समजतो.

युनिटबाहेरची पाठराखीण हे मनाच्या गोष्टींसाठी बरोबर. कागदाच्या गोष्टी मात्र युनिटच्या क्लार्कशिवाय हलत नाहीत. तिथे बाहेरची बाई काहीही करू शकणार नाही. तिने फक्त प्रश्न तयार करून द्यावेत, आणि ते प्रश्न नवऱ्याने किंवा स्वतः त्या ताईने ऑफिसात विचारावेत.

प्रश्न कोणते, ते सांगतो. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली का? मुलाच्या जन्माची निघाली का? रेकॉर्ड ऑफिसात कुटुंबाची नोंद त्यावरून होते. डिपेंडंट कार्ड, उपचार आणि उद्या दुर्दैवाने वेळ आली तर फॅमिली पेन्शन, हे सगळं त्या नोंदीवर उभं आहे. आपल्या मराठी घरांत एक अडचण हमखास येते. लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळात एक नाव लिहिलं, आधारवर माहेरचं नाव, मॅरेज सर्टिफिकेटवर तिसरंच, आणि जवानाने ऑफिसात सांगताना घरात हाक मारतात ते नाव सांगितलेलं. मी हेडक्लार्कसोबत बसून अशी प्रकरणं सोडवली आहेत, एकेकाला दीड-दोन वर्षं लागली. नवी सून आली की पहिल्या महिन्यात तिच्या सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. नाव खरंच बदलायचं असेल तर राजपत्रात छापून घ्या, मग आधार, मग पार्ट टू.

दुसरं, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नामनिर्देशन. पोरगा भरती होतो तेव्हा आईचं नाव देतो. लग्नानंतर बायकोचं नाव घालायचं राहून जातं. आईला वगळा असं मी म्हणत नाही, वाटा लिहून ठेवा. दोघी एका घरात सुखाने राहतील.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती : या धाग्यावर कोणीही पलटणीचं नाव, मिस्टर कुठे आहेत, कधी निघाले, कोणत्या गाडीने आले हे लिहू नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही नाही. गणवेशातला फोटो नाही, मुलांच्या शाळेचं नाव नाही. मदतीच्या नावाने खोटी खाती काढून माहिती काढून घेणारे लोक असतात. ज्यांना जोडीत यायचं त्यांनी धागाकर्तीला व्यनि (खाजगी निरोप) करावा, आणि तिने प्रत्यक्ष भेटल्याशिवाय कोणालाही कोणाचा नंबर देऊ नये.

निळं_आभाळ (सोमवार, दुपारी १:४०)

मी वायुसेनानगरहून. नागपूर म्हणजे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, त्यामुळे आमच्याकडे येणंजाणं सतत चालूच असतं. कामठी आमच्यापासून वीसेक किलोमीटर दूर, म्हणून आम्ही दोन्हीकडच्या बायका एका शहरात राहून एकमेकींना ओळखत नाही. आर्मीची नवी मुलगी आणि वायुसेनेची पाठराखीण अशी जोडी लावा. युनिटचा प्रश्न आपोआप सुटतो!

मला नोकरीबद्दल बोलायचं आहे, कारण माझी सगळी घालमेल तिथेच झाली. मी बीएस्सी नर्सिंग. लग्नानंतर चार राज्यं. दर राज्याची नर्सिंग कौन्सिल वेगळी. महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि त्यासाठी आधीच्या कौन्सिलची एनओसी. मी नागपूरला आल्यावर एनओसीसाठी अर्ज केला. सात महिने घरी बसले. ते सात महिने मी रोज स्वतःला दोष देत होते, की आपलंच काही चुकतं, आपल्यालाच जमत नाही. एका मोठ्या ताईने सांगितलं, "अगं, बदलीचा सिग्नल आला त्याच दिवशी एनओसीचा अर्ज टाकायचा असतो, सामान नंतर बांधायचं." हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर?

अशा ताया प्रत्येक पेशातल्या हव्यात. शिक्षिकांसाठी : सीटीईटी या केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र २०२१ पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, जुनी पास झालेली असाल तरी. पुन्हा परीक्षा द्यायची गरज नाही, हे कित्येकींना माहीत नसतं. वकिलांसाठी : ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे एका राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावरून दुसऱ्या राज्याच्या पटावर नाव हलवता येतं. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी : इग्नूचं विभागीय केंद्र नागपुरात आहे आणि बदली झाली तर केंद्र बदलून घेता येतं. माझ्या शेजारणीने बीए तीन शहरांत मिळून पुरं केलं. तिचा निकाल लागला त्या दिवशी अख्ख्या ब्लॉकने पेढे खाल्ले.

नर्सिंगवाल्या मुली माझ्याकडे पाठवा. फॉर्म भरण्यापासून इंटरव्ह्यूला कोणती साडी नेसायची तिथपर्यंत बसेन मी.

वर्ध्याचा_जावई (सोमवार, दुपारी ३:१०)

पत्नी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी आहे. म्हणजे बदलीमागे जाणारा जोडीदार मी. मुलाचा डबा, शाळेची मीटिंग, गॅसचं ट्रान्सफर सगळं माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी एका स्टेशनवर कुटुंबांच्या भेटीला गेलो तर सगळ्या भगिनी एकदम शांत झाल्या. त्यांची चूक नाही, पण मी पुन्हा गेलो नाही. त्या काळात दिवसाला माझं बोलणं फक्त सहा वर्षांच्या मुलाशी व्हायचं.

आमच्यासारखे थोडे आहेत, पण वाढत आहेत. पाठराखीण शब्द फार आवडला. पाठराखा म्हणून माझंही नाव लिहा. घरून काम कसं मिळवायचं, बायोडेटात मधली रिकामी वर्षं कशी मांडायची, हे मी बायकांनाही शिकवू शकतो. ऑनलाइन, कॅमेरा बंद ठेवून, जसं सोयीचं असेल तसं.

जास्वंद (सोमवार, रात्री १०:०५)

सकाळपासून तीनदा लिहायला घेतलं.

@कन्हानकाठ, तुम्ही प्रेमाने म्हणालात, पण हळदीकुंकू नको. मला त्यात बोलावता येणार नाही, आणि बोलावलंत तरी मी येईन तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या कपाळावर जातील. माझे मिस्टर २०११ साली गेले. सेवेत असताना. मी तेव्हा एकतीस वर्षांची, पोरगा पहिलीत.

तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हार, भाषणं, फोटो. चौदाव्या दिवशी अंगण झाडलं आणि मग कोणीच नाही. खरी गरज तिसऱ्या महिन्यात लागते. बँक एक कागद मागते, पेन्शनवाले दुसरा मागतात, सासरे म्हणतात पैसा आमच्या पोराचा आहे, भाऊ म्हणतो सही करू नको. मला चेक लिहिता येत नव्हता. तेव्हा काटोलकडची एक बाई एसटीने आली. तिचेही सात वर्षांपूर्वी गेले होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिने माझं नाव ऐकलं म्हणून आली. तिने उपदेश केला नाही. "चल, बँकेत जाऊन बसू," म्हणाली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती यायची, वर्षभर. तिनेच समजावलं की फॅमिली पेन्शन एकाच प्रकारची नसते. साधी वेगळी, सेवेमुळे मृत्यू आला तर विशेष वेगळी, लढाईतल्या मृत्यूची लिबरलाइज्ड वेगळी. कोणती मिळेल हे मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं, म्हणून प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेव. ती फाइल माझ्याकडे आजही आहे, वर तिच्या हातचं लिहिलेलं नाव.

आता मी जाते दुसऱ्यांकडे. आतापर्यंत सहा घरी गेले. जे शिकले ते लिहिते, कोणाच्या कामी आलं तर.

गर्दी ओसरल्यावर जा. गेल्याबरोबर 'देशासाठी गेले' म्हणू नका, ते तिने शंभरदा ऐकलेलं असतं. त्यांच्याबद्दल साधं काही विचारा, भाजी कोणती आवडायची, असं. सासू-सासऱ्यांच्या आणि तिच्या भांडणात बाजू घेऊ नका, कारण मुलगा त्यांचाही गेलेला असतो. मी एका घरी ही चूक केली आणि ते दार मला कायमचं बंद झालं. आणि तिला तिच्या नावाने बोलवा. वीर नारी हा मान आहे, तो मी डोक्यावर घेते, पण भाजी निवडता निवडता बोलायला कोणीतरी नुसतं नाव घेणारं लागतं.

कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो पेपरात वाचला त्या दिवशी मी अकरा वर्षांनी हिरव्या बांगड्या भरल्या. शिक्षिका आहे मी आता. मुलगा कॉलेजात आहे.

कन्हानकाठ (सोमवार, रात्री १०:२२)

जास्वंदताई, चुकलं माझं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, अन् यायला पाहिजे होतं. हळदीकुंकू रद्द. माझ्या घरी तर्री-पोहे करू, रविवारी सकाळी. तुम्ही पहिल्या या, अन् जमलं तर त्या काटोलच्या ताईंनाही आणा.

जास्वंद (सोमवार, रात्री १०:३१)

त्या आता नाहीत. मी येते.

मनमोकळं (मंगळवार, सकाळी ११:००)

समुपदेशक आहे, धरमपेठेत काम करते. वरचं सगळं वाचून गलबलून आलं. फक्त पाठराखणीचा हात कुठपर्यंत पोचतो ते आधी ठरवून घ्या, नाहीतर चांगल्या बायका वर्षभरात थकून जातात.

पाठराखीण ऐकते, सोबत जाते, रस्ता दाखवते. ती पैसे उसने देत नाही आणि नवरा-बायकोत न्याय करत नाही. आणि काही लक्षणं दिसली तर ती एकटीने सांभाळायला बघत नाही. बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघतच नसेल, झोप-जेवण सुटलं असेल, मरणाचं बोलणं येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांच्या लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) आहे, तिथे बोलणाऱ्यांना फौजी जीवन समजतं. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन. हे दोन आकडे प्रत्येकीच्या फोनमध्ये हवेत.

गुप्ततेबद्दल @दोन_पट्ट्या यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तिने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय आपापसातही बोलायची नाही. फक्त जिवाला धोका असेल तेव्हा बोलायची, आणि तसं होऊ शकतं हे तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं.

पाठराखणींना महिन्यातून एकदा मी विनाशुल्क भेटेन. त्यांचंही मन कोणीतरी ऐकलं पाहिजे.

अआइई (मंगळवार, दुपारी १२:१५)

आमच्या घरात फौजेत कोणीच नाही. निवृत्त मराठी शिक्षिका आहे, गिट्टीखदानला राहते. २०२०च्या कायद्यापासून राज्यात सीबीएसईच्या शाळांतही मराठी सक्तीची झाली, त्यामुळे आसाम-पंजाबकडून आलेली पोरं पाचवी-सहावीत एकदम 'ळ' आणि 'ज्ञ'पुढे उभी राहतात. त्यांना शिकवायला मला आवडेल. आयांनाही बोलण्यापुरती मराठी शिकवेन. भाजीवालीशी, मेयो हॉस्पिटलच्या खिडकीवर, शाळेत. त्यांनी मला त्यांच्या भाषेतली चार वाक्यं शिकवावीत, म्हणजे नुसतं घेतल्यासारखं त्यांना वाटणार नाही.

दोन_पट्ट्या (मंगळवार, दुपारी २:५०)

काल रात्री हा धागा मिस्टरांना फोनवर वाचून दाखवला. जास्वंदताईंचं वाचताना दोघंही गप्प झालो. मग त्यांनीच विचारलं, "आपलं ग्रुप इन्शुरन्सचं कोणाच्या नावावर आहे गं?" सासूबाईंच्या नावावर आहे. सहा वर्षांत आम्ही हे बोललोच नव्हतो. सुट्टीवर आले की बदलणार, सासूबाईंचा वाटा ठेवून. सुभेदार साहेब, धन्यवाद.

पाठराखीण व्हायचं की नाही ते अजून सांगत नाही. मला स्वतःलाच आधी एक हवी असं वाटतं. दहावी झाली आहे माझी. बारावी करायची आहे.

जास्वंद (मंगळवार, दुपारी ३:०५)

@दोन_पट्ट्या, बारावीचं मी बघते. व्यनि केला आहे.

काळी_ट्रंक (मंगळवार, रात्री ८:४५)

एवढा प्रतिसाद येईल वाटलं नव्हतं. व्यनितून आणखी आठ जणींनी कळवलं आहे. सगळ्यांना प्रत्यक्ष भेटणार, मगच जोड्या. रविवारी सकाळी नऊला कन्हानकाठ यांच्याकडे. पत्ता व्यनितून.

एक गोष्ट राहिली, तीच मला सगळ्यात जास्त छळते. आपल्यात जी बाई मुरते ती बदलून जाते. तिच्या डोक्यात असतं की कोणत्या दिवशी लसीकरण, कोणता ऑटोवाला रात्री येतो, शाळेची बस कुठल्या फाटकापर्यंत येते, कोणत्या डॉक्टरीणबाई धीराने बोलतात. ती गेली की नवी पहिल्यापासून सुरू करते. म्हणून आम्ही चौघींनी एक वही ठेवली आहे, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. जाणारी बाई जायच्या आधी दोन पानं लिहिते, स्वतःच्या भाषेत. कोणी मल्याळममध्ये लिहिलंय, कोणी गढवाली-हिंदीत, खाली दुसऱ्या कोणी मराठीत अर्थ लिहिलाय. त्यात कोणाच्या नवऱ्याचं नाव नाही, पलटण नाही. नुसतं जगायचं कसं ते आहे. एका पानावर एकीने लिहिलंय : "पहिल्या पावसात क्वार्टरची मागची भिंत गळते, ट्रंक खिडकीकडे सरकवून ठेव." तिची माझी भेट कधी झाली नाही, पण दर जूनमध्ये मला तिची आठवण येते.

ही वही रविवारी आणते. पुढची पानं तुमची.

नवीन_पाहुणी (मंगळवार, रात्री ११:३८)

नमस्कार. मी आजच नाव नोंदवलं. हा धागा शोधताना सापडला, सगळा वाचला. आम्ही बदलून नागपूरला येत आहोत. म्हणजे मी आणि मुलगा, तो चौदा महिन्यांचा. मिस्टरांना आठ दिवसांनी सुटका मिळेल. क्वार्टर मिळालंय म्हणे, पण किल्ली कुठे घ्यायची ते कागदावर नाही. दोन ट्रंका, एक बेडिंग. मी बुलढाण्याची, पण नागपूर कधी पाहिलेलं नाही. गुरुवारी पहाटे गाडी पोचते. गाडीचं नाव लिहीत नाही, वर साहेबांनी सांगितलंय म्हणून. एवढंच विचारायचं होतं की पहाटे साडेचारला स्टेशनवर बायकांसाठी वेटिंग रूम उघडी असते का? उजाडेपर्यंत मी तिथे बसेन.

काळी_ट्रंक (मंगळवार, रात्री ११:४४)

वेटिंग रूममध्ये बसायचं नाही. गाडी आणि डबा व्यनि करा. मी फलाटावरच येते. ट्रंका असतील तर संत्रा मार्केटच्या बाजूने उतरू नका, डब्यापाशीच थांबा. माझ्या हातात पिवळी छत्री असेल.

फौजी_१९८४ (बुधवार, सकाळी ६:१०)

किल्लीचं मी विचारून ठेवतो. गुरुवारी माझी गाडी घेऊन येईन, ट्रंका त्यात बसतील.

नवीन_पाहुणी (बुधवार, सकाळी ६:५५)

व्यनि केला आहे. रडू येतंय, पण बरं वाटतंय.

दोन_पट्ट्या (बुधवार, सकाळी ७:२०)

माझ्याकडे एक लहान कूलर जास्तीचा आहे, चालू आहे, कालच धुवून पाणी घालून पाहिला. गुरुवारी सकाळी क्वार्टरवर आणते. बाळ खाली झोपतं की पलंगावर, तेवढं कळवा. खाली झोपत असेल तर लोखंडी स्टँड घरीच ठेवते, नाहीतर झोत वरून जाईल.